जुना संगणक सुरू होत नाही: बिघाड नेमका कोणत्या पायरीवर आहे हे कसे शोधावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप गेले काही महिने कुरकुर करत होता. प्लग काढून ठेवला की तारीख आणि वेळ मागे जायची, आणि सकाळी बटण तीन-चार वेळा दाबल्याशिवाय तो सुरू होत नसे. आता बटण दाबले की दिवा लागतो, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळाच राहतो आणि कधी कधी काही क्षणांत सगळेच बंद पडते. एका परिचिताने मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड) गेला असे सांगितले आहे, दुसऱ्याने एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारे खोके) बदलायला सांगितले आहे, आणि हार्ड डिस्कवरच्या फोटोंची व कागदपत्रांची दुसरी प्रत कुठेही नाही.

हे दोन्ही सल्ले चुकीचेच असतील असे नाही, पण ते देताना कोणी काही मोजून पाहिल्याचे दिसत नाही. ‘संगणक सुरू होत नाही’ ही तक्रार ‘पोटात दुखते’ या तक्रारीसारखी आहे. तिच्यावरून औषध ठरत नाही, कुठे आणि केव्हा दुखते ते विचारावे लागते. गेली अनेक वर्षे अशी यंत्रे उघडताना मी एकच प्रश्न आधी विचारत आलो आहे, तो म्हणजे सुरू होण्याच्या वाटेवर हे यंत्र कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे थांबते. त्याचे उत्तर मिळेपर्यंत एकही भाग विकत घेऊ नये, कारण जुन्या यंत्रात अंदाजाने भाग बदलत गेल्यास यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त खर्च अगदी सहज होतो.

ती वाट आधी समजून घेऊ. एसएमपीएस प्लगमध्ये असतो तोवर, संगणक बंद असतानाही, जांभळ्या तारेतून ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मदरबोर्डला सतत मिळत असतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा मदरबोर्ड हिरवी तार शून्य व्होल्टच्या जवळ खेचतो. त्या इशाऱ्यावर एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो आणि ते स्थिर झाल्यावर साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांनी करड्या तारेवर ‘पॉवर गुड’ हा इशारा देतो. तो इशारा येईपर्यंत प्रोसेसरला रीसेटमध्ये थोपवून धरलेले असते. त्यानंतर प्रोसेसर बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, चिपमधील पहिली आज्ञा उचलतो, रॅम (तात्पुरती स्मृती) शोधून तिची तयारी करतो, डिस्प्ले जागा करतो, कीबोर्ड आणि डिस्क यांची हजेरी घेतो, आणि मग कुठे डिस्कवरच्या बूट लोडरकडे, म्हणजे विंडोज सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, कारभार सोपवतो. या क्रमावरून एक गोष्ट लगेच लक्षात यावी, ती अशी की पंखे फिरणे म्हणजे यंत्र जिवंत असणे नव्हे. पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात. प्रोसेसर पूर्ण मृत असला तरी तो मजेत फिरत राहतो. ‘पंखे फिरतात म्हणजे एसएमपीएस चांगला आहे’ हा निष्कर्षही तितकाच कच्चा आहे, आणि बहुतेक चुकीच्या खरेद्या याच निष्कर्षातून होतात.

पण या सगळ्याआधी फोटोंचे पाहू, कारण तुमच्या प्रश्नातली खरी मौल्यवान वस्तू तीच आहे. एसएमपीएस किंवा मदरबोर्ड बिघडल्याने डिस्कवरचा डेटा सहसा जात नाही. तो जातो तो दुरुस्तीच्या नादात, म्हणजे कोणी ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणते तेव्हा, किंवा मरायला टेकलेली डिस्क दहा-दहा वेळा चालू-बंद केली जाते तेव्हा. म्हणून संगणकाचा प्लग काढा, डिस्कच्या दोन्ही केबल काढा, डिस्क बाहेर घ्या आणि दुसऱ्या चालत्या संगणकाला जोडून डेटा उतरवून घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे यूएसबीला जोडायचे अडॅप्टर स्वतःचा वेगळा वीजपुरवठा असलेले हवे. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कचे साधे अडॅप्टर इथे चालणार नाही. डिस्क जोडल्यावर विंडोजने ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी सूचना दाखवली, तर ती निमूट नाकारा.

डिस्कमधून ठरावीक लयीत टकटक आवाज येत असेल तर ती ताबडतोब बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. तो डेटा खरोखर महत्त्वाचा असेल तर ते काम डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचेच आहे. आवाज नाही, पण फाइली उघडताना डिस्क अडखळते आहे, अशा वेळी एकेक फोल्डर कॉपी करत बसण्यापेक्षा लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या साधनाने अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्यावी. हे साधन आधी चांगला भाग वाचून घेते, अडलेल्या जागा टिपून ठेवते आणि त्यांच्याकडे नंतर वळते, त्यामुळे डिस्क मध्येच गेली तरी बहुतांश माल हाती लागलेला असतो. विंडोजमधले चेकडिस्क हे साधन मात्र अशा डिस्कवर चालवू नये, कारण ते डेटा वाचवण्यासाठी नसून फाइल सिस्टीम सुसंगत करण्यासाठी आहे, आणि त्यासाठी ते आजारी डिस्कवर लिहायला सुरुवात करते.

डेटा सुरक्षित झाला की यंत्राकडे वळू. कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग काढावा, बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो, आणि आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिरविद्युत तिथे उतरते. एसएमपीएसचे खोके मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर (विद्युतभार साठवणाऱ्या भागावर) ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

पहिली पाहणी डोळ्यांनी करायची आहे आणि तिला पाच मिनिटे पुरतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे की चुकून मदरबोर्डवरच्या पोर्टला, मॉनिटर स्वतः दुसऱ्या यंत्रावर चालतो का, प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची १२ व्होल्टची वेगळी जोडणी घट्ट बसलेली आहे का, हे पाहा. ही छोटी जोडणी सुटलेली असली की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि डिस्प्ले मात्र येत नाही, कारण प्रोसेसरला मिळणारी वीज तिथूनच येते. धूळ ब्रशने आणि हवेने काढावी, पण हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) हलतो आहे का तेही पाहावे. प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांवर बसणाऱ्या हीटसिंकची एखादी खुंटी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुटते आणि मग प्रोसेसर तापून यंत्र बंद पडते.

आता मोजमाप. साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब कॅबिनेटच्या धातूला किंवा एखाद्या काळ्या तारेला लावा आणि २४ पिनांचा मोठा कनेक्टर मदरबोर्डमध्ये बसलेला असतानाच त्याच्या मागच्या बाजूने लाल प्रोब तारेच्या तोंडात हळूच सरकवा. प्रोब घसरून दोन पिना एकमेकींना जोडल्या जाणार नाहीत एवढी काळजी घ्या. संगणक बंद, प्लग चालू अशा स्थितीत जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट मिळायला हवेत. ते नसतील तर एसएमपीएस गेला, किंवा बोर्डावर शॉर्ट असल्यामुळे तो स्वतःला बंद करून घेतो आहे. कनेक्टर काढून पुन्हा मोजले की यातले कोणते ते कळते. बटण दाबल्यावर हिरवी तार शून्याजवळ यावी, पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळावेत, आणि करड्या तारेवर ५ व्होल्टच्या आसपास स्थिर आकडा दिसावा. ही मर्यादा पाच टक्क्यांची आहे. मुख्य आकडे बरोबर आहेत पण करडी तार शून्यावरच आहे, असे आढळल्यास प्रोसेसर रीसेटमध्येच अडकलेला आहे आणि काळ्या स्क्रीनचे कारण तिथेच सापडले. काही एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्याच असतात. तिथे रंगांऐवजी पिनेच्या जागेवरून ओळखावे लागते.

हिरवी तार काळ्या तारेला जोडून एसएमपीएस बोर्डाविना चालवण्याची युक्ती बहुतेकांना माहीत असते. ती मी वापरतो, पण तिच्यावर निकाल देत नाही. मोकळा एसएमपीएस फिरला म्हणजे तो पूर्ण मेलेला नाही एवढेच सिद्ध होते; भार पडल्यावर त्याचे १२ व्होल्ट दहावर येत असतील, तर ते त्या चाचणीत दिसणारच नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस काही वेळासाठी जोडून पाहणे ही सर्वांत प्रामाणिक चाचणी. त्यात एक अपवाद ध्यानात ठेवावा: १९९०च्या दशकाच्या अखेरच्या काही ब्रँडेड संगणकांत कनेक्टर दिसायला एटीएक्सचाच, म्हणजे डेस्कटॉपच्या नेहमीच्या प्रमाणित पद्धतीचाच, असला तरी तारांचा क्रम वेगळा होता, आणि तिथे साधा एसएमपीएस जोडल्यास बोर्ड जळतो. तुमचे यंत्र असेंबल केलेले आणि बरेच नंतरचे आहे, त्यामुळे ही भीती नाही.

वीज ठीक असेल तर पुढची पायरी कानांनी ओळखायची. मदरबोर्डवर चार पिनांची स्पीकरची जागा असते. नव्या कॅबिनेटमध्ये सहसा स्पीकर देत नाहीत, पण बोटाच्या पेराएवढा सुटा स्पीकर मिळतो आणि जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्याच्या पेटीत तो असलाच पाहिजे. तो जोडा, सगळी रॅम काढून टाका आणि यंत्र चालू करा. रॅम नसलेल्या यंत्राने तक्रारीचे बीप द्यायला हवेत. बीप आले, तर त्याचा अर्थ फार मोठा आहे: प्रोसेसर जिवंत आहे, बायोसची चिप वाचली जाते आहे, बोर्ड आज्ञा पाळतो आहे. म्हणजेच ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान जवळजवळ बाद होते आणि संशय रॅम, तिची खाच किंवा डिस्प्ले यांच्यावर येतो. रॅमविनाही पूर्ण शांतता असेल, तर प्रश्न त्याआधीच्या पायऱ्यांवर, म्हणजे वीज, बोर्ड, बायोस किंवा प्रोसेसर यांत आहे. एकही भाग विकत न घेता शोधाचे क्षेत्र निम्म्यावर आणणारी यापेक्षा सोपी चाचणी मला माहीत नाही.

बीपची भाषा बायोस बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलते, त्यामुळे बोर्डाची पुस्तिका पाहूनच अर्थ लावावा. अवॉर्डच्या जुन्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेचा दोष, तर एएमआयमध्ये डिस्प्लेच्या दोषासाठी आठ आखूड बीप असतात.

रॅम परत बसवताना एकच कांडी घ्या आणि ती प्रत्येक खाचेत आळीपाळीने लावून पाहा. मग दुसरी कांडी. बारा वर्षांत सोनेरी पट्ट्यांवर आणि खाचेच्या स्प्रिंगांवर सूक्ष्म थर साचतो, आणि अशा यंत्रांत डिस्प्ले न येण्याचे सर्वांत साधे कारण हेच निघते. पट्ट्या खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती चालतेही, पण रबराचा भुगा खाचेत जातो आणि कडक रबराने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले लिंट न सुटणारे कापड हा अधिक चांगला मार्ग. कांडी बसवताना दोन्ही टोकांचे ‘टक’ ऐकू आले पाहिजे. एकीकडचे खटके बसले आणि दुसरीकडची बाजू अर्धा मिलिमीटर वर राहिली, तर यंत्र नेमके तुमच्या यंत्रासारखेच वागते.

एवढ्यानेही डिस्प्ले आला नाही, तर यंत्र किमान स्थितीला आणा: एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एक रॅम, आणि बोर्डावर डिस्प्लेची सोय असेल तर ग्राफिक्स कार्डही बाहेर. डिस्क, डीव्हीडी, समोरच्या यूएसबीच्या केबल, सगळे सोडवा. समोरच्या यूएसबी पोर्टला लोक हसण्यावारी नेतात, पण पेन ड्राइव्ह वाकडा घालून त्यातली पट्टी धातूला टेकलेली असेल, तर तेवढ्याने अख्खे यंत्र सुरू होणे नाकारते. हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून चालवला, की खालच्या स्क्रूमुळे किंवा आत पडलेल्या एखाद्या सुट्या स्क्रूमुळे होणारा शॉर्टही वगळता येतो. किमान स्थितीत डिस्प्ले आला, की एकेक भाग परत जोडायचा आणि दर वेळी चालू करून पाहायचे; ज्या भागापाशी यंत्र पुन्हा अडते तो गुन्हेगार.

‘काही क्षणांत बंद पडते’ या लक्षणाला मी वेगळे महत्त्व देतो, आणि त्यासाठी घड्याळ लावून बसावे असे सुचवतो. अर्ध्या-एका सेकंदात बंद होत असेल तर शॉर्ट किंवा एसएमपीएसचे संरक्षण; अर्ध्या-एका मिनिटाने बंद होत असेल तर उष्णता. पण दर वेळी बरोबर चार-पाच सेकंदांनी बंद होत असेल तर बटणाकडे पाहा. पॉवरचे बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले की संगणक सक्तीने बंद व्हावा अशी सोयच असते, आणि जुन्या कॅबिनेटचे बटण आत अडकून राहिले की यंत्र इमानेइतबारे स्वतःला बंद करते. मी सुरुवातीच्या काळात अशाच एका संगणकाचा एसएमपीएस बदलला, रॅम बदलली, थर्मल पेस्ट लावली, आणि दोन दिवसांनी लक्षात आले की बटणाच्या कडेला चिकट काहीतरी सांडून वाळले होते. तेव्हापासून मी कॅबिनेटच्या बटणाची बारीक केबल बोर्डावरून काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडूनच यंत्र चालू करतो. रीसेटच्या बटणाचेही तसेच: ते आत अडकले तर पंखे फिरत राहतात आणि स्क्रीन कायम काळा.

तारीख मागे जाण्याचा अर्थ तुमच्या बाबतीत स्पष्ट आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपला आहे. त्याचे व्होल्टेज ३ असते, ते २.८च्या खाली गेले असेल तर सेल बदलावा. बहुतेक डेस्कटॉप सेल मेला तरी सुरू होतात, पण काही जुने बोर्ड अर्धवट व्होल्टेजवर गोंधळतात आणि डिस्प्लेच देत नाहीत. म्हणून प्लग काढून जुना सेल बाहेर घ्या, बायोस क्लिअर करण्याचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) पुस्तिकेप्रमाणे काही सेकंद हलवून पूर्वीच्या जागी आणा आणि नवा सेल बसवा. हे स्वस्त आहे आणि जुन्या यंत्रात तसेही करायचेच असते, त्यामुळे ‘आधी निदान, मग खरेदी’ या माझ्या नियमाला एवढा एक अपवाद मी करतो.

मात्र सेल बदलल्याचा एक परिणाम फार थोड्यांच्या ध्यानात येतो. बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, आणि त्यात साटा डिस्कचा मोड, म्हणजे यंत्र डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलट जाऊ शकतो. विंडोज ज्या मोडमध्ये इन्स्टॉल केले होते त्याहून वेगळ्या मोडमध्ये ते सुरू होताना विंडोजचे चिन्ह दिसते, निळा स्क्रीन क्षणभर चमकतो आणि यंत्र पुन्हा सुरू होते; निळ्या स्क्रीनवरचा आकडा ७बी ने संपणारा असतो. हे पाहून लोक डिस्क गेली असे समजतात आणि विंडोज नव्याने टाकतात. वास्तविक बायोसमध्ये जाऊन तो मोड पूर्वीसारखा केला की दोन मिनिटांत काम होते. निळा स्क्रीन वाचण्याआधीच नाहीसा होत असेल, तर विंडोज ७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत सुरुवातीला एफ८ दाबून बिघाडानंतर आपोआप पुन्हा सुरू होणे बंद करण्याचा पर्याय निवडावा.

आता तुमच्या वर्णनातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट: सकाळी तीन-चार वेळा बटण दाबल्यावरच सुरू होणे. एकदा सुरू झाल्यावर दिवसभर ठीक चालत असावे असा माझा तर्क आहे. हे लक्षण बहुतेक वेळा जुन्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे असते. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो, अंतर्गत रोध वाढतो, आणि थंड असताना तो आणखी जास्त असतो. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात व्होल्टेज स्थिर होत नाही, ‘पॉवर गुड’ येत नाही किंवा येऊन लगेच जातो. दोन-तीन प्रयत्नांत कॅपॅसिटर थोडे कोमट होतात आणि यंत्र उठते. एक दिवस मात्र तेवढी ऊबही पुरत नाही, आणि तुम्ही आज आहात तिथे यंत्र येते. १०५ अंश सेल्सिअसला २००० तास असे आयुष्य छापलेला कॅपॅसिटर दर १० अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून धुळीने कोंडलेल्या एसएमपीएसमध्ये तो लवकर जातो.

कॅपॅसिटरचे डोके सपाट हवे. ते फुगलेले असेल, वरच्या खाचा उघडून तपकिरी थर आला असेल किंवा बुडाशी ओल दिसत असेल, तर निकाल लागला. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या कितीतरी मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कॅपॅसिटर बसले होते आणि ते बोर्ड त्यामुळेच मोठ्या संख्येने मेले. तुमच्या यंत्राच्या काळापर्यंत प्रोसेसरभोवती घन पॉलिमरचे कॅपॅसिटर येऊ लागले होते. ते तसे फुगत नाहीत आणि पुष्कळ टिकतात. एसएमपीएसमध्ये मात्र द्रवाचेच असतात. म्हणून बोर्डावरचे सगळे कॅपॅसिटर ठणठणीत दिसत असतील, तर तुमच्या दोन सल्लागारांपैकी दुसऱ्याचे म्हणणे खरे निघण्याची शक्यता मला अधिक वाटते. फुगलेले कॅपॅसिटर बोर्डावर असतील तर तेवढेच व्होल्टेज किंवा त्याहून जास्त, तितकीच क्षमता आणि कमी अंतर्गत रोध असलेले नवे बसवता येतात, पण अनेक थरांच्या बोर्डातून जुने टाके काढणे नवशिक्याचे काम नाही; त्यात बोर्ड कायमचा खराब होतो.

डिस्प्ले आला आणि यंत्र विंडोजच्या दारात अडले, तर तो निराळा आणि तुलनेने सोपा विषय आहे. आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढा. बूट लोडर सापडत नसल्याच्या तक्रारींपैकी काही एवढ्यानेच मिटतात. बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर केबल आणि पोर्ट बदला, कारण साटाची केबल ढिली होते आणि तिचा दोष डिस्कच्या माथी मारला जातो. डिस्कच्या स्मार्ट नोंदींमध्ये (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदींमध्ये) क्रमांक ५ आणि १९७ यांचे मूळ आकडे शून्याहून वर चढत असतील तर डिस्क थकली आहे. १९९ चा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला. डिस्क निरोगी असताना बूट लोडरच बिघडला असेल, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन माध्यमातून स्टार्टअप रिपेअर चालवावे. नुसता जुना बायोस असलेल्या यंत्रासाठी पेन ड्राइव्ह तयार करताना तो एमबीआर पद्धतीने (डिस्कचे विभाग नोंदवण्याच्या जुन्या पद्धतीने) तयार करावा लागतो, नाहीतर चांगला पेन ड्राइव्हही त्या यंत्राला दिसत नाही.

आता बोर्डाबद्दल. खात्रीचा एसएमपीएस, नवा सेल, किमान स्थिती आणि रॅम काढलेली असतानाही स्पीकर गप्प, इतके सगळे करून झाल्यावरच मी मदरबोर्ड गेला असे म्हणतो. प्रोसेसर स्वतःहून मरणे दुर्मीळ आहे. काढून पाहिलाच तर सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली नाही ना, एवढे तपासावे. बोर्ड खरोखर गेला असेल तर त्याच सॉकेटचा वापरलेला बोर्ड शोधणे मला फारसे शहाणपणाचे वाटत नाही, कारण तोही तितकाच म्हातारा असतो. यंत्रावर एखादे जुने सॉफ्टवेअर किंवा जुन्या पोर्टाला जोडलेले उपकरण चालवणे भागच असेल, तरच तो खटाटोप करावा.

आणि दुरुस्ती झाली असे वाटले तरी लगेच झाकण लावू नका. तुमच्या यंत्राचा दोष थंडीत प्रकट होणारा आहे, आणि दिवसभर हाताळलेले, दहा वेळा चालू केलेले यंत्र कोमट असते. त्या अवस्थेत आजारी एसएमपीएससुद्धा चांगला वागतो. रात्रभर प्लग काढून ठेवा, सकाळी प्लग लावून बटण एकदाच दाबा आणि तारीखही तपासा. असे सलग तीन-चार सकाळी पहिल्या दाबात सुरू झाले, मगच डिस्क परत आत बसवा.